बटण फिरते, पण आत काय फिरते?

आजोबांच्या वेळचा रेडिओ तुम्ही कधी मागून उघडून पाहिला आहे काय? स्टेशन लावण्याचे बटण फिरविले की एक दोरा कप्पीवरून सरकतो, दोऱ्याला बांधलेला काटा पट्टीवर चालू लागतो आणि त्याच वेळी धातूच्या पाकळ्यांचा गँग कंडेन्सर उघडतो किंवा मिटतो. बोटाची हालचाल थेट कंडेन्सरपर्यंत पोचते. सारे डोळ्यांना दिसते.

आता एखाद्या हौशी रेडिओवाल्याच्या, म्हणजे 'हॅम'च्या, टेबलाशी या. त्याच्या यंत्राला ट्रान्सीव्हर म्हणतात, कारण प्रेषक आणि ग्राही एकाच पेटीत बसविलेले असतात. (आपल्या देशात वयाची १२ वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी परीक्षा देऊन असे यंत्र चालविण्याचा परवाना मिळवू शकतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.) १९८० च्या दशकातला एखादा संच घ्या. त्याचे बटण कितीही फिरवा, ते कोठेच अडत नाही. समोरचे आकडे मात्र बदलतात : १४५.०००, १४५.००५, १४५.०१०... झाकण काढले तर दोरा नाही, कप्पी नाही, गँगही नाही. मग बटणाने फिरते तरी काय?

फिरतो एक आकडा! पण त्यासाठी आधी एक अडचण समजून घ्यावी लागेल. भारतातील हॅमना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ असा एक पट्टा मिळालेला आहे. त्यात नेमक्या जागी राहायचे तर वारंवारता इकडची तिकडे सरकून चालत नाही. क्वार्ट्झचा स्फटिक अशी स्थिर वारंवारता देतो, पण एक स्फटिक म्हणजे एकच वारंवारता. पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने या पट्ट्यात सुमारे ४०० जागा होतात. चारशे स्फटिक कोण विकत घेणार? पूर्वीचे हॅम आपल्या संचात मोजक्या जागांचे स्फटिक बसवून तेवढ्यावरच समाधान मानीत.

यावरची युक्ती मोठी सुंदर आहे. स्फटिक एकच ठेवायचा, समजा १०.२४ मेगाहर्ट्झचा. त्याला २०४८ ने भागले की बरोबर ५ किलोहर्ट्झ मिळतात. हा झाला कवायतीतला ढोल. दुसरीकडे एक आंदोलक असतो. त्याची वारंवारता व्होल्टेजने बदलता येते, कारण त्यात व्हॅरॅक्टर नावाचा डायोड असतो; त्यावरचे व्होल्टेज वाढविले की त्याची धारकता घटते आणि वारंवारता चढते. या आंदोलकाच्या वारंवारतेला एका मोठ्या संख्येने भागून येणारे उत्तर ढोलाच्या ठोक्याशी ताडून पाहिले जाते. मागे पडले तर व्होल्टेज वाढते, पुढे गेले तर कमी होते. थोड्याच वेळात दोघांचे पाऊल जुळते आणि जुळलेलेच राहते. भागणारी संख्या २९००० असेल, तर आंदोलक २९००० गुणिले ५ किलोहर्ट्झ, म्हणजे १४५.००० मेगाहर्ट्झवर स्थिरावतो. संख्या एकाने वाढवा, तो १४५.००५ वर जातो. चारशे स्फटिकांचे काम एका भागाकाराने झाले.

ही संख्या ठरविणारा तो मायक्रोप्रोसेसर. बाजारात मिळू लागलेला पहिला मायक्रोप्रोसेसर, इंटेलचा ४००४, १९७१ साली आला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. पुढच्या दहा वर्षांत त्याची भावंडे हॅमच्या टेबलावर पोचली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : रेडिओलहरी मायक्रोप्रोसेसरमधून जात नाहीत. सेकंदाला साडेचौदा कोटी आंदोलने मोजण्याइतका तो चपळही नव्हता; ते काम वेगळी भाजक मंडले करीत. स्टेशनमास्तर गाडी ओढत नाही, सिग्नल देतो. तसेच हे.

आता बटणाकडे वळू. त्याच्या आसावर खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला प्रकाश देणारा डायोड आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन 'डोळे' असतात. खाच समोर आली की १, आड भिंत आली की ०. डोळे दोन कशाला? एकाच डोळ्याला चकती हलली एवढेच कळेल, कोणीकडे हलली ते कळणार नाही. म्हणून दुसरा डोळा खाचांच्या अंतराच्या पावपटीने बाजूला बसवितात. उजवीकडे फिरविले की क्रम येतो ००, १०, ११, ०१. डावीकडे फिरविले की ००, ०१, ११, १०. पुठ्ठ्याच्या पट्टीला सारख्या अंतरावर खाचा पाडून ती कागदावर काढलेल्या दोन ठिपक्यांवरून सरकवा. ठिपके योग्य अंतरावर असले, तर हा क्रम तुम्हाला स्वतः वाचता येईल.

क्रम ओळखला की मायक्रोप्रोसेसर संख्येत एक मिळवितो किंवा वजा करतो आणि ती द्विमान पद्धतीत भाजकाकडे पाठवितो. २९००० म्हणजे १११०००१०१००१०००. हे पंधरा अंक एकाच तारेवरून एकामागून एक जातात. दुसरी तार प्रत्येक अंकाला ठोका देते आणि तिसरी 'संपले, आता अमलात आणा' असे सांगते.

बोलण्यासाठी माइकचे बटण दाबले की संख्या पुन्हा बदलावी लागते. ऐकताना पुष्कळ संचांत आंदोलक १०.७ मेगाहर्ट्झ खाली, म्हणजे १३४.३०० वर चालवितात; त्या वेळी संख्या असते २६८६०. बोलताना २९०००. बटण सोडले की पुन्हा २६८६०. पाऊल जुळले नाही तर प्रेषण रोखले जाते, नाही तर भलत्याच वारंवारतेवर तुमचा आवाज जाऊन दुसऱ्याच्या कामात खोळंबा होईल.

गंमत म्हणजे हा स्टेशनमास्तर स्वतःच थोडा गोंगाट करतो. त्याच्या घड्याळाचे ठोके हेही लहान रेडिओप्रेषकच. ते ग्राहीत शिट्टीसारखे ऐकू येतात. म्हणून त्याला पुष्कळदा पत्र्याच्या डबीत कोंडून ठेवतात.

आवडीच्या वारंवारता वीज बंद असतानाही लक्षात राहाव्यात म्हणून त्या काळच्या संचांत स्मृतीला लहानशी लिथियम बॅटरी जोडलेली असे. ती संपली की साठविलेले आकडे जात, एवढेच. पण काही संचांत मायक्रोप्रोसेसरला लागणाऱ्या सूचनाही याच बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवल्या होत्या. वर्षे उलटली, बॅटरी संपली आणि एके दिवशी संच मुका झाला. प्रेषक धड, ग्राही धड, स्फटिकही धड. फक्त भाजकाला कोणती संख्या द्यायची हे सांगणारा सारे विसरून गेला होता. २००१ च्या भूज भूकंपानंतर टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅमनी संदेश पोचविले होते. अशा वेळी मुका संच काय कामाचा?

जाणकार हॅम म्हणून असा जुना संच हाती आला की आधी त्या बॅटरीचे व्होल्टेज मोजतात. नव्या बॅटरीला सुमारे ३ व्होल्ट असतात. ते उतरू लागले असेल, तर जुनी काढण्यापूर्वी दुसरी बॅटरी तिला समांतर जोडून ठेवतात आणि मगच डाग सोडवितात, म्हणजे स्मृतीला क्षणभरही उपास घडत नाही.