यंत्राची दप्तरतपासणी

तिजोरीस हात न लावता केवळ वह्या चाळून अफरातफरीचा माग काढणारा हिशेबतपासनीस आपल्या परिचयाचा आहे. त्याच जातीचा, प्रोग्राम प्रत्यक्ष न चालविता त्याचा सोर्स कोड, म्हणजे संगणकाला द्यावयाच्या हुकुमांचे मूळ दप्तर, ओळीओळीने वाचून त्यातील धोक्याच्या जागा दाखविणारा यांत्रिक तपासनीस संगणकशास्त्राने घडविला आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली लिहिलेला ‘लिंट’ हा या घराण्याचा मूळपुरुष. लिंट म्हणजे कापडावरचे तूस, आणि सी भाषेतील प्रोग्रामांतून तशी बारीक संशयास्पद तुसे वेचणे हेच त्याचे काम.

त्याच्या आजच्या वंशजांची एक प्रमुख रीत अशी की, बाहेरून आलेला मजकूर अविश्वासाचा शिक्का मारूनच दाखल करून घ्यावयाचा, तो कोणकोणत्या ओळींतून फिरतो ते पाहावयाचे, आणि वाटेत कोठेही पडताळणी न होता तो नाजूक जागी पोहोचला, की हरकत नोंदवावयाची.

या रीतीची कसोटी लागली ती ७ एप्रिल २०१४ रोजी उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’च्या प्रकरणात. इंटरनेटवरील गुप्त संभाषणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये, पलीकडचा संगणक जागा आहे ना, हे विचारण्याची एक सोय होती: काही अक्षरे धाडून त्यांची संख्या सांगावी, आणि पलीकडच्याने तीच परत करावीत. पण एकच अक्षर धाडून ‘ही चौसष्ट हजार आहेत’ अशी थाप मारली, तर पलीकडचा संगणक ती खरी मानून शेजारच्या स्मृतीतील कोणाचा पासवर्ड, कोणाची गुप्त किल्ली, जे असेल ते बिनदिक्कत धाडून देई. अक्षरे मोजून पाहण्याची एक अट लिहावयाची राहिली होती, आणि कोणासही वाचता येणाऱ्या त्या कोडमध्ये ती उणीव दोन वर्षे सुखाने नांदली; कारण ती संख्या बाहेरची आहे, हेच तपासनीस यंत्रांस उमगले नव्हते.

पुढे असे तपासनीस यंत्र बनविणाऱ्या कोव्हेरिटीच्या अभियंत्यांनी एक खूण हेरली: नेटवर्कवरून आलेल्या संख्येतील बाइटांचा क्रम बहुधा उलटवून घ्यावा लागतो, तेव्हा जिचा क्रम उलटविला जातो, ती परकी समजावी. एवढे शिकविताच यंत्राने नेमके त्या चुकीवर बोट ठेवले.

प्रोग्रामच्या वर्तनाविषयी प्रत्येक वेळी अचूक निवाडा देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ सालीच सिद्ध केले आहे. त्यामुळे निर्दोष ओळीवर हरकत किंवा सदोष ओळीकडे डोळेझाक, यांपैकी निदान एक तरी होणारच. यंत्राचे मौन ही शिकविलेल्या प्रश्नांपुरतीच ग्वाही असते, आणि पुढचा प्रश्न बहुधा नुकसान होऊन गेल्यावरच सुचतो.