खार पाहावी, हात लावू नये

पुण्याहून सकाळी निघालेली गाडी पाच-सहा तासांनी वेरूळला पोचते. पाय आखडलेले, मान अवघडलेली आणि मुलांची नजर अजून मोबाइलवरच. तिकीट काढण्याआधी मंडळी झाडाच्या सावलीत टेकतात, तोच खोडावरून एक खार सरसर खाली येते. नात मोबाइल ठेवून उठते. आजोबाही तिच्यामागे झाडाभोवती दोन फेऱ्या मारतात. ही दहा मिनिटे वाया गेली, असे कुणी समजू नये.

चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. निरोगी माणसाला हा धोका एरवी कमीच असतो. पण वय, स्थूलपणा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांमुळे तो वाढतो. मधूनमधून उतरून चालणे हा त्यावरचा सोपा उपाय. ‘उतरून जरा चाला’ म्हटले की कुणी हलत नाही. खार दिसली की सगळेच उतरतात.

मनालाही याचा उपयोग होतो. अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या २३ रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा लवकर घरी सोडले गेले आणि तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. अभ्यास लहान होता, पण निसर्ग आणि प्रकृती यांच्या नात्याकडे त्याने वैद्यकाचे लक्ष वेधले.

खारीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. आधी पाठीवरचे पट्टे मोजावेत. रामाने तीन बोटे फिरवल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्याकडे तीनपट्टी आणि पाचपट्टी अशा दोन्ही खारी आढळतात. ती डोके खाली करून सहज उतरते, कारण तिच्या मागच्या पायांचे घोटे उलट दिशेला वळतात आणि नखे सालीत रुततात. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडून ते झिजवावे लागतात. शेपटी झटकत ‘चिक्-चिक्’ सुरू झाले, की जवळपास मांजर किंवा शिक्रा असण्याची शक्यता असते.

इथवर सगळे छान. बिघडते ते बिस्किटाचा पुडा उघडल्यावर. माणसाच्या हातून खायला सवकलेली खार भीती विसरते आणि बिस्कीट कुठे संपते, बोट कुठे सुरू होते, याचा विचार करत नाही. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन उद्यानात खारींना खाऊ घालण्यास बंदी आहे, तरीही पर्यटकांना चावे बसतातच. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीही हे लक्षात ठेवावे.

खार चावलीच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज अतिशय क्वचित आढळतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही डॉक्टरांना जखम दाखवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते आणि पुढचा निर्णय त्यांचा.

माकड आणि कुत्रा यांची गोष्ट मात्र वेगळी. खारीला टाकलेल्या बिस्किटांवर पर्यटनस्थळी हेच दोघे धावून येतात. त्यांनी चावले किंवा ओरबाडले, तर ‘एवढेसे तर आहे’ म्हणत सहल पुढे नेऊ नये. जखम धुऊन त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे आणि रेबीजच्या लसीचे सर्व डोस ठरल्या तारखांना पूर्ण करावेत. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.

खारी सकाळी आणि उन्हे उतरताना जास्त फिरतात. प्रवासातला एखादा थांबा त्या वेळी, झाडाखाली ठरवावा. खाऊची पिशवी गाडीतच ठेवावी आणि झाडापासून चार पावले मागे, शांत उभे राहावे. खार आपणहून दिसते.