एकदांडीचा पाला आणि शेतातील जखम

नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षबागांची छाटणी वर्षातून दोन वेळा केली जाते. सामान्यतः एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. उन्हाळ कांदा निघाला म्हणजे येवला, चांदवड, कळवण या भागांत विळ्याने पात कापण्याचे काम दिवसभर चालते. अशा कामात बोट कापले जाणे ही नित्याची बाब होय. त्या वेळी बांधावरचा जो पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळण्यात येतो, तो बहुधा एकदांडीचा असतो. काही ठिकाणी हिलाच दगडी पाला किंवा कंबरमोडी असे म्हणतात.

एकदांडी ही जमिनीवर पसरणारी, पेरांपाशी मुळे धरणारी वनस्पती असून ती बांध, पडीक जमीन व रस्त्याच्या कडेला बारमाही आढळते. पाने समोरासमोर, कातरलेल्या कडांची व खरखरीत असतात. उंच, पर्णहीन दांड्यावर एकच फूल येते. त्याचा मध्य पिवळा असून भोवती फिकट पांढऱ्या, टोकाशी त्रिदंती पाकळ्या असतात. या एकाकी दांड्यावरूनच तिला हे नाव मिळाले आहे. माका हिच्यासारखा भासतो. परंतु तो ओलसर जागी वाढतो, त्याची फुले पांढरी व आखूड देठाची असतात आणि पाने चुरडल्यास रस काळसर पडतो. गाजरगवताची पाने गाजराच्या पाल्याप्रमाणे विभागलेली असतात. ते अंगास लागल्यास अनेकांना खाज व पुरळ येते. म्हणून पाला तोडण्यापूर्वी फूल पाहून ओळख पटवावी.

ही वनस्पती मूळची येथील नव्हे. ती उष्ण अमेरिकेतून जगभर पसरली. लिनियस याने १७५३ मध्ये तिचे 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स' असे नामकरण केले. तेव्हा तिचा हा उपयोग चरक-सुश्रुतांच्या काळापासून चालत आलेला नसून, गेल्या काही शतकांत ग्रामीण लोकांनी अनुभवाने शिकून घेतलेला आहे. त्या अनुभवास काही आधारही आहे. पानांत तुरट द्रव्ये असतात. शिवाय १९८० व १९९० या दशकांत भारतात उंदरांवर झालेल्या काही प्रयोगांत पानांच्या रसाने किंवा अर्काने जखम भरून येण्यास साहाय्य झाल्याचे दिसून आले. मात्र उंदरांवरील प्रयोग म्हणजे माणसांवरील सिद्ध उपचार नव्हे.

रक्त थांबले म्हणजे धोका टळला, असा समज होणे हाच येथील खरा धोका आहे. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे माती व शेणखतात असतात आणि ती वर्षानुवर्षे टिकून राहतात. खोल जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे हे जंतू वाढून विष निर्माण करतात. रोगाची लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत, म्हणजे वरची जखम सुकू लागल्यावरही, प्रकट होतात. प्रथम जबडा आखडतो, मग मान व पाठ ताठरते. हा रोग प्राणघातक ठरू शकतो. कोणत्याही पाल्याच्या रसाने तो टळत नाही. तो लसीनेच टळतो. उलट मातीच्या हातांनी चोळलेला पाला जखमेत बांधल्यास जंतूंना आत शिरण्यास वाटच मिळते.

दुसरी गोष्ट फवारणीची. बागेत एकदांडी तण म्हणून वाढते व तणनाशक तिच्यावरच पडते. वेलींवर फवारलेली बुरशीनाशके व कीटकनाशकेही तिच्या केसाळ पानांवर साचतात. फुटलेल्या त्वचेतून अशी विषे शरीरात जाऊ शकतात. म्हणून फवारलेल्या बागेतील किंवा तिच्या बांधावरील पाला जखमेस कदापि लावू नये.

जखम होताच ती स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि स्वच्छ कापडाने दाबून धरावी. एकदांडीचा रस लावावयाचाच झाल्यास तो केवळ किरकोळ खरचटण्यावर, फवारणी नसलेल्या जागेची पाने धुऊन, स्वच्छ हातांनी लावावा. गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो लावू नये, कारण दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्याच कुळातील आहेत. जखम खोल असल्यास, रक्त थांबत नसल्यास किंवा खिळा वा काटा रुतला असल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. माती-शेणाने मळलेली जखम असून लसीची शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, किंवा ती केव्हा घेतली हे स्मरत नसेल, तर तेथे तसे आवर्जून सांगावे. बागाईतदारांनी छाटणीस आरंभ होण्यापूर्वीच मजुरांच्या लसीची चौकशी करून ठेवणे हिताचे होय.