राजीचे त्रिशूळ आणि गेमरांचा कौल

१८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने लहान निर्मात्यांच्या नव्या गेमांची ओळख करून देणारा कार्यक्रम प्रसारित केला. अशा कार्यक्रमांत बहुधा आगामी गेमांच्या तारखा जाहीर होतात आणि चाहते त्या तारखांकडे डोळे लावून बसतात. त्या दिवशी मात्र एक गेम जाहीर होताच स्विच या कन्सोलवर विक्रीलाही आला. त्याचे नाव ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. तो घडला होता पुण्यात, ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्याशा स्टुडिओत. त्यानंतर जगभरच्या गेमरांनी या गेमविषयी जी मते मांडली, ती एकत्र ठेवून पाहिली की एक विलक्षण दुभंग दिसतो. एकच माणूस एकाच दमात या गेमची स्तुती करतो आणि त्याविषयी तक्रारही करतो. हा दुभंग कशातून आला, हे समजून घेण्यासारखे आहे.

कथा साधी आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी आणि गोलू हा बाहुल्यांचे खेळ करणारा तिचा धाकटा भाऊ. देव आणि असुर यांच्यातले जुने युद्ध पुन्हा पेटते, असुर मुलांना पळवून नेतात आणि त्यांत गोलूही जातो. दुर्गेच्या कृपेने राजीच्या हाती त्रिशूळ येते आणि महाबलासुरापर्यंतचा तिचा प्रवास सुरू होतो. पुढे धनुष्य मिळते, तलवार आणि ढाल मिळते. कथेचे निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. एखाद्या भित्तिचित्राजवळ राजी थांबली की ते दोघे त्या चित्रातील पुराणकथा आपसांत सांगू लागतात, क्वचित एकमेकांना टोमणेही मारतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दाखवले आहेत. राजस्थानी किल्ले व महाल, पहाडी चित्रशैलीची छाप असलेली रंगसंगती आणि त्यात बाली बेटावरील पुराणपरंपरेचेही अंश, असे हे मिश्रण आहे.

या भागाबद्दल गेमरांत फारसे दुमत नाही. ज्यांनी असुर हा शब्दही पूर्वी ऐकला नव्हता अशा परदेशी खेळणाऱ्यांनीही दृश्यांची वाखाणणी केली. ड्रॅगन, नॉर्वेतील देव आणि जपानी सामुराई यांचा अतिपरिचय झालेल्या या वर्गाला जाळीदार झरोक्यांतून झिरपणारा प्रकाश नवा होता. भारतीय गेमरांची भावना अधिक गुंतागुंतीची होती. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी दिवाणखान्यातील पडद्यावर, स्वतःच्या हातातील कंट्रोलरच्या तालावर घडताना पाहण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांना प्रथमच येत होता.

तक्रार सुरू होते ती हातापाशी. गेम हे केवळ पाहण्याचे माध्यम नाही. बटण दाबणे आणि पडद्यावरील पात्राने हालचाल करणे यांमध्ये जो क्षण असतो, त्या क्षणावर गेमरांचे प्रेम किंवा राग ठरतो. राजीच्या त्रिशुळाचा घाव असुराला लागला की नाही हे नेमके कळत नाही, वार चालू असताना ऐनवेळी बाजूला उडी घेता येत नाही, कॅमेरा दूर आणि ठरावीक कोनात असल्याने उडीचा अंदाज चुकतो आणि मुलगी दरीत पडते, अशा तक्रारी वारंवार दिसतात. राजी खांबाभोवती गिरकी घेऊन किंवा भिंतीवर धावत जाऊन असुरावर झेप घेते. कल्पना उत्तम, कारण ती कसरत करणाऱ्या मुलीच्या स्वभावातून आलेली आहे. परंतु ती साधायला हाताला जो विश्वास वाटावा लागतो तो पुरेसा वाटत नाही, असे म्हणणारे बरेच आहेत.

येथे तुलनेसाठी ‘मॉन्स्टर हंटर’ ही जपानी मालिका उपयोगी पडते. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर ती सुरू केली. राक्षसी प्राण्यांची शिकार हाच तिचा गाभा. त्यातील मोठ्या तलवारी इतक्या जड की एक घाव घालायला जणू युग लागते, आणि एकदा घाव उगारला की मागे फिरता येत नाही. म्हणजे ज्या संथपणाबद्दल राजीला बोल लागले, तो येथे कितीतरी अधिक आहे. तरीही चाहत्यांना तो प्रिय आहे, याचे कारण त्या संथपणात खोट नसते. राक्षस झेपावण्यापूर्वी मान मागे घेतो, थकला की लाळ गाळतो, घायाळ झाला की लंगडतो. त्याच्या डोक्यावर उरलेल्या प्राणशक्तीची पट्टी नसते, त्यामुळे शिकाऱ्याला त्याचे शरीरच वाचावे लागते. हरल्यावर आपण कोठे चुकलो हे कळते. मारलेल्या राक्षसाच्या शिंगांतून आणि खवल्यांतून नवे शस्त्र घडवायचे आणि त्याच्याहून मोठ्या राक्षसाकडे वळायचे, या चक्रात लोक शेकडो तास घालवतात. गेमरांचा आक्षेप संथपणाला नसतो, अन्यायाला असतो. पराभवाचा दोष आपल्याकडे न येता यंत्राकडे जाऊ लागला की त्यांचे मन उडते.

अर्थात ही तुलना निर्दयही आहे. मॉन्स्टर हंटरमधील चौदा प्रकारची शस्त्रे वीस वर्षांच्या अनुभवातून घासूनपुसून तयार झाली आहेत. पुण्याच्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम होता. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले, पण ठरवलेले उद्दिष्ट गाठता आले नाही, आणि तेथील नियमानुसार उद्दिष्ट हुकले की जमलेली रक्कमही हाती येत नाही. तरीही काम थांबले नाही. खेळणाऱ्याने मात्र पैसे मोजलेले असतात आणि दुकानाच्या फळीवर ओसाका आणि पुणे शेजारी शेजारीच उभे असतात. निर्मात्याचे कष्ट पाहून त्याने गुण वाढवून द्यावेत काय? अनेकांनी तसे दिले, आणि अनेकांनी ठामपणे नाकारले. प्रामाणिकपणे पाहता दुसऱ्या गटाने स्टुडिओचे अधिक भले केले, असे म्हणावे लागेल.

लांबीविषयीचा वाद याच्याशीच जोडलेला आहे. राजीची कथा पाच-सहा तासांत संपते. चित्रपटाच्या मानाने हे पुष्कळ, पण शेकडो तास रमवणाऱ्या गेमांची सवय झालेल्याला ते अपुरे वाटते. ‘स्टीम’ या संगणकीय गेमांच्या दुकानात तर प्रत्येक अभिप्रायाशेजारी त्या व्यक्तीने किती तास खेळले हा आकडाच छापलेला असतो. तेथे खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करून पैसे मिळवता येतात. पाच तासांच्या कथेला पहिल्या दोन तासांतच मन जिंकावे लागते. त्यातच राजीची कथा जेथे थांबते तो शेवट अनेकांना तुटक वाटला. पुढचा भाग येईल या भरवशावर अर्ध्यावर सोडलेली गोष्ट भारतीय श्रोत्याला नवी नाही. रात्ररात्र चालणाऱ्या कथाकीर्तनात उद्याचे आश्वासन असतेच. पण तेथे उद्या खरोखर उद्याच उगवतो.

देवदेवतांचा प्रश्न गेमच्या मांडणीतच सोडवलेला दिसतो, आणि त्यामागे एक इतिहास आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा गेम तयार केला होता. सर्वस्वी भारतात घडलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचा गवगवा झाला. समीक्षकांनी त्याला धारेवर धरलेच, शिवाय अमेरिकेतील एका हिंदू संघटनेने आक्षेप घेतला की खेळणाऱ्याने बटणे दाबून देवाला नाचवणे हा श्रद्धेचा अवमान आहे. राजीमध्ये खेळणाऱ्याच्या हाती देव नाही, एक सामान्य मुलगी आहे. देव साक्षीदार आणि कथेकरी आहेत. ही मांडणी सावधगिरीतून आली असो वा कलादृष्टीतून, तिचा लाभ कथेला झाला. दुर्गा सांगते ते ऐकताना राजीचे एकाकीपण अधिक जाणवते.

आता या मतांचे वजन किती मानायचे, हा प्रश्न उरतो. स्टीमवर गुण नसतात. शिफारस करता की नाही, एवढेच विचारले जाते आणि होकारांच्या टक्केवारीवरून गेमवर ‘बहुतांशी अनुकूल’, ‘संमिश्र’ असे शिक्के बसतात. म्हणजे दृश्यांवर लुब्ध पण लढाईवर नाराज असलेल्या माणसालाही शेवटी एकाच बाजूला उभे राहावे लागते. टक्केवारीतून जे हरवते ते त्याने खाली लिहिलेल्या चार ओळींत सापडते. तेथेही सावध राहावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ हा चित्रपट चीनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्यातील एका संवादावर वंशद्वेषाचा आरोप होऊन लगेच उतरवला गेला. संतापलेल्या चिनी प्रेक्षकांनी राग काढला तो दोन वर्षांपूर्वीच्या ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’ या गेमवर. त्या गेमचा त्या संवादाशी काहीही संबंध नसताना स्टीमवर प्रतिकूल अभिप्रायांचा वर्षाव झाला.

उलटपक्षी, कधी कधी हा जमाव अगदी बरोबर असतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर : वाइल्ड्स’च्या महिन्याभरात एक कोटी प्रती गेल्या. पण चांगल्या संगणकांवरही तो अडखळत होता आणि मुख्य कथा संपल्यावर करण्यासारखे फारसे उरत नव्हते. अभिप्राय घसरत गेले आणि एप्रिल ते जून या तिमाहीत विक्री पाच लाखांच्याही आत आली. तारीफ करणाऱ्या समीक्षकांपेक्षा या तक्रारखोरांनी दुखणे नेमके ओळखले होते.

राजीच्या वाट्याला आलेला जमाव निराळा होता. गेम आल्यावर बाराच दिवसांनी, ३० ऑगस्ट २०२० रोजी, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून भारतीय विषयांवरील संगणकीय खेळ भारतातच घडवण्याचे आवाहन केले. २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली. अशा हवेत १५ ऑक्टोबरला राजी संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला. मग ‘आपला’ म्हणून डोक्यावर घेणारे आले, तसेच ‘आपल्याकडे असेच होणार’ म्हणून नाक मुरडणारेही. दोघांनीही गेमकडे पाहण्याआधीच निकाल लिहून ठेवला होता. त्याच डिसेंबरमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला.

आणखी एका वर्गाचे मत तर या मोजणीत फारसे येतच नाही. भारतात गेम म्हणजे प्रामुख्याने मोबाइल. पुण्यामुंबईच्या उपनगरांत जिथे कन्सोल ही चैन ठरते, तिथे बीड जिल्ह्यातील नांदूरघाटसारख्या गावातील मुलाकडून स्विच किंवा प्लेस्टेशनची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. वासुदेव, जागरण-गोंधळ आणि पोतराजाच्या आसूडाचा आवाज ज्याच्या ओळखीचा आहे, त्या मुलाला छायाबाहुल्यांतून सांगितलेली असुरकथा कशी वाटते, हे या गेमच्या निर्मात्यांना कळायला हवे होते. परंतु पहिल्या आवृत्तीची भाषाही इंग्रजीच होती. भारतीय गेमरांच्या तक्रारींत ही एक वरचेवर येई, कारण राजी आणि देव इंग्रजीत बोलू लागले की जमून आलेले वातावरण विरते.

या तक्रारी ऐकल्या गेल्या याचा पुरावा २०२२ मध्ये मिळाला. स्टुडिओने सुधारित आवृत्ती काढली. तीत हिंदी आवाज आले, पात्रांच्या हालचाली आणि प्रकाशयोजना सुधारली, लढाईवर पुन्हा हात फिरवला गेला. ज्यांच्याकडे मूळ गेम होता त्यांच्यापैकी काहींनी जुना अभिप्राय खोडून नवा लिहिला. पुढे नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेमांच्या यादीतही राजी दाखल झाली आणि सभासदत्व असलेल्याला ती वेगळे पैसे न देता खेळता येऊ लागली. मात्र काचेवर बोट फिरवून खांबाभोवती गिरकी घेणे हे कंट्रोलरहूनही अवघड, त्यामुळे उडी चुकून दरीत पडण्याची तक्रार तेथेही राजीच्या पाठोपाठ आली.