हे तोंड येणं वेगळं

तोंड आलं की आपल्याकडे ‘उष्णता झाली’ म्हणायचं आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू करायच्या. कर्करोगासाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्याने मात्र असं परस्पर निदान करू नये.

केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात तोंडाचं अस्तरही सोलवटतं. हा त्रास बहुधा आठवडा-दीड आठवड्यात सुरू होतो आणि नंतर भरूनही येतो. निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं पेशी थेट मारत नाहीत. ती रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरचा ब्रेक काढतात. या विचाराबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधी लाळग्रंथींवर, कधी गालाच्या अस्तरावरही चालून जातात. त्याला काळवेळ नाही. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित औषध थांबवल्यावरही.

सर्वांत लबाड लक्षण म्हणजे कोरड. पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते. तरी रुग्ण ‘पाणी कमी पडत असेल’ म्हणून गप्प बसतो. तोवर दात किडू लागतात, बुरशीचं फावतं. हा प्रकार स्यॉग्रेन या स्वप्रतिकार आजारासारखा दिसतो, पण त्या आजारातल्या नेहमीच्या अँटिबॉडी रक्तात बहुधा सापडत नाहीत. त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून निर्धास्त होऊ नये.

दुसरा त्रास गालाच्या आतल्या पांढऱ्या, जाळीदार रेषांचा. तिखट झोंबतं, चव बिघडते. तंबाखू-गुटख्याची सवय असलेल्यांत पांढऱ्या चट्ट्याचे इतरही अर्थ निघतात, म्हणून कधी कधी तुकडा काढून तपासावा लागतो. फोड येऊन फुटत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

दिलासा असा, की सौम्य त्रासात इम्युनोथेरपी सहसा थांबवावी लागत नाही. स्टिरॉइडचं जेल किंवा गुळण्या, बुरशीवर औषध, लाळ वाढवणारं पिलोकार्पिन, फ्लोराइडची पेस्ट, अल्कोहोल नसलेला माउथवॉश एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. त्रास तीव्र असेल तर डोस पुढे ढकलून स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्या मनाने सुरू करायच्या नाहीत आणि एकदम बंदही करायच्या नाहीत.

ही काळजी आपल्याकडे आता जास्त लागू आहे, कारण कमी डोसचा पर्याय पुढे आला आहे. निवोलुमॅबचा एक प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगात तोंडी औषधांच्या जोडीला तो दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. डोस असा स्वस्त झाला की औषध अधिक रुग्णांपर्यंत पोहोचणार, आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांची लाळ रेडिएशनने आधीच आटलेली असते. पहिल्या डोसआधी दंतवैद्याने तोंड तपासून नोंद ठेवली, तर पुढे नवं काय आणि जुनं काय, हे ओळखता येतं.