बिबळ्या : पडद्यावरचा आणि पाड्यावरचा

शहरातल्या मुलाची प्राण्यांशी ओळख उलट्या क्रमाने होते. सिंह, जिराफ, हत्ती हे त्याला बाराखडीच्या तक्त्यावरच भेटतात; खार आणि मुंगूस भेटायला मात्र बरीच वर्षे जावी लागतात. मी मुंबईच्या एका उपनगरात सातवी-आठवीला शास्त्र शिकवते. दर वर्षी जून महिन्यात मी मुलांना सांगते, "महाराष्ट्रातल्या दहा वन्य प्राण्यांची आणि पक्ष्यांची नावे लिहा." याद्या मोठ्या मजेदार येतात. सिंह हमखास असतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, तेव्हापासून पेंग्विनही महाराष्ट्रीय होऊन बसला आहे! आपला राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल यांना मात्र बिचाऱ्यांना यादीत जागा मिळत नाही.

दोष मुलांचा नाही. जे पाहिलेच नाही ते आठवणार कसे? आणि जे आठवत नाही, ते उद्या नाहीसे झाले तरी कुणाला चुकल्यासारखे वाटणार नाही. खरी चिंता आहे ती ही.

ही चिंता वरच्या पायरीवरही जाणवली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली चित्रपटगृहांना पर्यावरणाविषयीच्या चित्रपट्ट्या मोफत दाखवण्याचा आदेश दिला. पुढे शाळांतून हा विषय सक्तीचा झाला. पण सक्तीच्या विषयाचे जे व्हायचे तेच याचेही झाले. 'वन्यजीव संरक्षण कायदा कोणत्या साली झाला?' – १९७२. एक गुण. पुढचा प्रश्न!

म्हणून मी अनुबोधपटांकडे वळले. चित्रपटाची ताकद लहान नव्हे. माइक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा अनुबोधपट २००० साली आला. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची सर्रास कत्तल चाले, आणि किनाऱ्याबाहेर फारसे कुणाला त्याची खबर नव्हती. हा चित्रपट लोकांनी पाहिला, आणि २००१ साली या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे मोरारी बापूंनी कोळी बांधवांना सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. ज्या हातांनी त्याला गळ टाकला, तेच हात आता जाळी कापून त्याला सोडून देऊ लागले. ही हकीकत सांगितली की वर्गातल्या मुली विशेष खूश होतात. माहेराची गोष्ट कुणाला आवडत नाही!

पण चित्रपटाचा एक तोटाही आहे. पडद्यावर चाळीस मिनिटांत जन्म होतो, शिकार होते, पूर येतो आणि मागे सारखे वाद्य वाजत असते. रानात तसे नसते. गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाला लागून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. १८८३ साली स्थापन झालेली ही जुनी जाणती संस्था. तिथे पहिल्यांदा मुलांना नेले, तेव्हा अर्ध्या तासाने एका चिरंजीवांनी मला विचारले, "बाई, सुरू कधी होणार?"

मी त्याला म्हटले, "सुरू झालंय बाळा. तूच अजून आला नाहीस."

तेव्हापासून आमचा एक नेम ठरून गेला आहे. आधी चित्रपट, मग रान. रानात गेल्यावर प्रत्येकाने हातभर जागा निवडायची, दहा मिनिटे तोंड मिटून बसायचे आणि जे दिसेल, ऐकू येईल ते वहीत लिहायचे. पहिली पाच मिनिटे चुळबुळ होते. मग मुंग्यांची रांग दिसते, कोळ्याचे जाळे दिसते, पानांत दडलेला तांबट ऐकू येतो. चिखलात ठसा सापडला तर कुत्र्याचा की बिबळ्याचा यावर वाद रंगतो. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबळ्याची नखे आत ओढलेली असतात. एवढे कळले की वाद मिटतो, आणि पोरांच्या आवाजातला जोर एकदम कमी होतो! २०२४ च्या पावसाळ्यात कारवी फुलली. ती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते. एका मुलीने बोटे मोजून सांगितले, "पुढच्या वेळी मी वीस वर्षांची असेन." काळ म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकाने तिला इतके चांगले शिकवले नसते.

आता बिबळ्याविषयी. मुंबईचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि २०१५ च्या पाहणीत त्याच्या आसपास पस्तीस बिबळे कॅमेऱ्यात टिपले गेले. म्हणजे तो आमचा शेजारीच. म्हणून मुलांना मी 'आजोबा' हा सुजय डहाके यांचा २०१४ सालचा मराठी चित्रपट दाखवते. ही कथा खऱ्या बिबळ्यावर बेतलेली आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात तो विहिरीत सापडला. संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडून दिले. तिथून हे आजोबा शंभरांवर किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आले, आणि वाटेत त्यांनी कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही. २०११ साली मुंबई-आग्रा महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. हे ऐकताना वर्गातले निम्मे डोळे पाणावतात.

पण परवा चित्रपट संपल्यावर एक मुलगी गप्पच होती. ती आरे वसाहतीतल्या पाड्यावरून येते. वर्गात सहसा बोलत नाही. रानात मात्र सर्वांच्या पुढे असते. मी विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, माझ्या मामाच्या दोन शेळ्या नेल्या त्याने."

वर्ग चिडीचूप झाला. मग एका मुलाने विचारले, "मग पिंजरा लावला का?"

"लावून काय? हा गेला तर दुसरा येतो. त्याला आमच्या वाटा ठाऊक नसतात. मामाने गोठ्याला दार केलं. आजी वाघोबाला नारळ देते."

वारली लोकांचा हा वाघोबा देवही आहे आणि धाकही आहे. आणि गंमत पाहा, त्या मुलीने चार वाक्यांत जे सांगितले, तेच जुन्नरच्या अभ्यासाने दाखवले आहे. तिथे २००१ नंतर बिबळे पकडून दूर नेऊन सोडले, तेव्हा हल्ले कमी न होता वाढले.

पालकसभेत एका गृहस्थांनी मला थेट विचारले, "बाई, तुम्ही मुलांना बिबळ्यावर प्रेम करायला शिकवता. उद्या तो समोर आला तर?"

प्रश्न रास्त होता. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत एका दीड वर्षाच्या मुलीचा बिबळ्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ज्या घरातली पणती अशी विझते, त्या घराला निसर्गप्रेमाची व्याख्याने कोण ऐकवणार? मी त्यांना म्हटले, "मी प्रेम शिकवत नाही, शेजार शिकवते." शेजाराचे काही नियम असतात. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये. विजेरी आणि सोबत हवी. उघड्यावर प्रातर्विधीला बसावे लागू नये, म्हणून पाड्यावर संडास आणि दिवे हवेत. बिबळ्या दिसला तर पळू नये, घेरू नये, मोबाईल काढून त्याच्या मागे धावू नये. आणि कचरा टाकू नये. कारण कचऱ्यामागे कुत्रे येतात आणि कुत्र्यांमागे बिबळ्या.

शेवटचा नियम मुलांनी फारच मनावर घेतला. एका इमारतीतल्या पाच जणांनी चिटणीसांना पत्र लिहिले, की कुंपणाशी पडणारे उष्टे बंद डब्यात टाकावे. चिटणीस आधी हसले. मुले दर रविवारी त्यांच्या दारी जाऊ लागली, तेव्हा झाकणाचा डबा आला! पाड्यावरचे दिवे मात्र अजून पुरेसे लागलेले नाहीत. त्या अर्जाचा मसुदा आता वर्ग करतो आहे, आणि त्यातला मजकूर ती गप्प बसणारी मुलगी सांगते आहे.

वाचकहो, दिवाळीची सुटी आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोन जाणत्यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जवळच्या टेकडीवर, तळ्यावर, खाडीवर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. वही-पेन्सिल न्या आणि फराळाचा डबा न्या, पण त्यातला चिवडा माकडांना घालू नका. मूल विचारील, "सुरू कधी होणार?" तेव्हा उत्तर देण्याची घाई करू नका. दहा मिनिटे तुम्हीही त्याच्याशेजारी गप्प बसा.