प्रत्येक तबकडीला तिची सुई

ज्या मुलखात जुन्या तबकड्यांच्या पेट्या अजून माळ्यावर पडून आहेत, तेथे त्या ऐकाव्या कशा हा प्रश्न एकट्या हौशी माणसाचा राहत नाही. आष्ट्याहून मिरज काही लांब नाही. त्या मिरजेस खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी आपले घर मानले, आणि १९३७ साली ते निवर्तल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. कृष्णाकाठच्या नागठाण्याशी नाते असलेल्या बालगंधर्वांची पदेही तबकड्यांवरूनच घरोघर पोचली. ते गळे आता ऐकावयास मिळणार नाहीत. म्हणून जी प्रत घरात उरली आहे ती न बिघडविता वाजवावी कशी, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की सर्व तबकड्यांची जात एक नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची. तिची खाच रुंद. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची, बारीक खाचेची लाँगप्ले तबकडी निघाली. १९५७-५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकडी आली. तिच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे आवाज कोरलेले असतात. आपल्याकडे तर १९६० नंतरही काही वर्षे ७८ च्या तबकड्या निघतच होत्या. त्यामुळे एकाच पेटीत तिन्ही जाती नांदताना दिसतात.

आता सुईकडे वळू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. ७८ च्या खाचेस ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, जुन्या मोनो लाँगप्लेस २५ चे, आणि स्टीरिओस सुमारे १८ चे किंवा त्याहून निमुळते. लाँगप्लेची बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन तेथील धूळ व खडबड तेवढी ऐकविते. उलट चावीच्या फोनोची पोलादी पिन लाँगप्लेवर फिरविली तर एका फेरीतच कायमचे नुकसान होते. मुद्दाम बिघडविण्याची बुद्धी कोणाचीच नसते. चुकीची सुई ते काम निमूटपणे करते.

सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजचे तीन मुख्य प्रकार. स्फटिकाच्या किंवा सिरॅमिक कार्ट्रिजचा आवाज जोरकस, किंमत कमी. परंतु ते तबकडीवर जड बसते, आणि जुन्या पद्धतीचा स्फटिक दमट हवेने व उष्म्याने निकामी होतो. दुसऱ्या प्रकारात सुईबरोबर लहानसे चुंबक हलते. त्यातून तीन ते पाच मिलिव्होल्ट वीज मिळते, आणि मुख्य सोय ही की सुई झिजली तर तेवढीच बदलता येते. तिसऱ्यात तारेचे वेटोळे हलते. त्याचा आवाज अनेक जाणकारांना अधिक स्वच्छ वाटतो. परंतु वीज निर्माण होते ती दुसऱ्या प्रकाराच्या दहाव्या हिश्शाइतकी. म्हणून ती वाढविणारे वेगळे साधन घ्यावे लागते, आणि सुई झिजली की बहुधा सबंध कार्ट्रिजच बदलावे लागते. ज्यास ७८ च्या व लाँगप्लेच्या दोन्ही सुया हव्यात, त्याने सुरुवात दुसऱ्या प्रकारापासून करावी असे आमचे मत आहे.

कार्ट्रिज आणि त्यास धरणारी दांडी, म्हणजे आर्म, यांची जोडी जमावी लागते. उंच बैलाशेजारी बुटका जुंपला तर जू तिरके होते, तसेच येथे आहे. ताठ सुईस जड आर्म मानवतो, लवचिक सुईस हलका. हिशेब सोपा आहे. आर्मचे परिणामी वजन, कार्ट्रिज व स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करावी, तीस सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने गुणावे, वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्याने भागावे. उत्तर ८ ते १२ च्या दरम्यान आले म्हणजे जोडी जमली. समजा बेरीज १९ आणि लवचिकता १४. गुणाकार २६६, वर्गमूळ सुमारे १६.३, उत्तर पावणेदहा. जोडी उत्तम!

एकाच थाळीभोवती दोन आर्म लावण्यात चैन नाही, सोय आहे. एक ७८ साठी, दुसरा लाँगप्लेसाठी. वजन, उंची, कोन एकदा जुळविले की पुन्हा हात लावणे नको. जुन्या मोनो लाँगप्ले पुष्कळ असतील तरच तिसरा. थाळीच्या मध्यापासून प्रत्येक आर्मच्या खुंटीचे अंतर त्या आर्मच्या मापानुसार काटेकोर असावे. ते सांभाळले तर आर्म उजवीकडे असो की मागे, सुईचा कोन बदलत नाही. मात्र एकाचे मागील वजन दुसऱ्याच्या वाटेत येता कामा नये. पुठ्ठ्याचा नकाशा कापून हे आधी पाहावे, लाकडाला भोक नंतर पाडावे. थाळीस ७८ ची गती आहे की नाही हेही पाहून घ्यावे. पुष्कळ नव्या यंत्रांस ती नसते. आपल्या ५० सायकल विजेच्या दिव्याखाली ७७ रेघांची चकती स्थिर दिसली की गती बरोबर. गती चढली की गायकाचा स्वरही चढतो. ७८ ऐकताना दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र जोडावेत. बरीच खरखर आपोआप कमी होते.

ज्याच्याकडे दहा-वीसच तबकड्या असतील त्याने दोन आर्मच्या खटाटोपात पडू नये. पुढील टोक निघणारा एक आर्म आणि दोन सुया त्यास पुरेत. मात्र टोक बदलले की वजन पुन्हा तोलावे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी माळ्यावर जावे. पेटी उतरवून जातीप्रमाणे तीन ढीग करावेत. कोणती सुई, किती आर्म, याचे उत्तर ते ढीगच देतील. लाखेची तबकडी पुसताना स्पिरिट लावू नये, त्यात लाख विरघळते. आणि योग्य सुईने वाजेल त्या दिवशीच गाणे संगणकात उतरवून ठेवावे. मग मूळ तबकडीस विश्रांती मिळेल आणि गाणे नातवंडांपर्यंत जाईल.